तांबड्या पुस्तकातील तारे

दिवाळी अंकात उपाहारगृहांच्या सूचीचे परीक्षण पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण ज्याच्या आधाराने आपल्याकडची माणसे परदेशात एवढ्या विश्वासाने खिसा रिकामा करतात, असा दुसरा ग्रंथ मला तरी ठाऊक नाही. मुलगा तिकडे नोकरीला, आईबाबा त्याच्याकडे निघालेले. "एक दिवस तुम्हांला खरोखरीच्या मोठ्या ठिकाणी जेवायला नेतो," असे तो म्हणतो आणि मिशेलिनची यादी उघडून तारे मोजू लागतो. तीन माणसांच्या एका जेवणाला कित्येक शे युरो पडावयाचे, आणि हा योग पुन्हा येईलच असे नाही. एवढा भरवसा ज्यावर टाकावयाचा, ते पुस्तक एकदा पुस्तक म्हणून वाचून पाहावयास हरकत नसावी.

त्याचा जन्म स्वयंपाकघरात झाला नाही. टायरच्या कारखान्यात झाला. क्लेर्मों-फेराँ येथील आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या बंधूंनी १९०० साली ते काढले. फ्रान्समध्ये त्या वेळी मोटारी तीन हजारांच्या आत-बाहेर. पुस्तकाच्या प्रती मात्र ३५,०००, आणि त्याही फुकट! हिशेब साधा होता. माणसे दूरवर गेली म्हणजे टायर झिजतील. म्हणून टायर बदलण्याची कृती, पेट्रोलचे ठिकाण, मुक्कामाची सोय, असा सगळा प्रपंच त्यात होता. १९२० पासून त्याला किंमत पडली. एका गॅरेजात आपले पुस्तक डगमगत्या बाकाखाली टेकू म्हणून दिलेले पाहून आंद्रेसाहेबांनी तसे ठरविले, अशी आख्यायिका कंपनीच सांगते. (आपल्याकडील भेट म्हणून आलेल्या काव्यसंग्रहांची कथा वेगळी नसावी.) पहिला तारा १९२६ साली उगवला, दुसरा आणि तिसरा १९३१ साली, आणि कोणत्या ताऱ्याचा अर्थ काय, हे १९३६ साली छापले गेले.

तो अर्थ मला मोठा बोलका वाटतो. एक तारा म्हणजे ठिकाण उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे. तीन म्हणजे त्या जेवणासाठीच घरून निघावे. यात चवीचा शब्द जवळजवळ नाहीच. आहे तो रस्त्याचा हिशेब. टायरवाल्याला साजेल असाच! आता आपला प्रवासी पाहा. तो जेवणासाठी घरून निघालेला नसतो. तो मुलाकडे, नातवाकडे निघालेला असतो. जेवण त्या वाटेवर शोधावयाचे असते. त्याच्या कामाचे वाक्य तिसरे नव्हे, दुसरे. ज्या मुलुखातून आपण जाणारच आहोत, तेथे थोडी वाट वाकडी केली तर असे काय मिळेल की जे दुसरीकडे मिळणार नाही? नेमके हेच तारे सांगत नाहीत.

पुस्तकाच्या बाजूने जे बोलावयास हवे, ते आधी बोलतो. त्याचे परीक्षक नाव लपवून जातात आणि बिल स्वतः भरतात. मराठीतील ग्रंथपरीक्षकांनी एक वर्ष ही शिस्त पाळून पाहावी, अशी माझी नम्र सूचना आहे. शिवाय आत जाता येत नसेल, तर नावाजलेले घरही हे पुस्तक वगळते. तोक्योच्या गिंझा भागातील जिरो यांचे दहा आसनांचे तळघरातील सुशीगृह पहिल्या अंकापासून तीन ताऱ्यांचे होते; तेथे सामान्य माणसाला जागाच मिळत नाही म्हणून २०१९ साली ते यादीतून गेले. हा प्रामाणिकपणा मानला पाहिजे.

पण त्याच्या पाच कसोट्या पाहा: जिन्नसांचा कस, हातातले कसब, चवींचा मेळ, आचाऱ्याचे व्यक्तित्व आणि सातत्य. सगळ्या योग्य, पण ठिकाणाची कसोटी कोठे आहे? हा पदार्थ येथेच का, या मातीशी, या लोकांशी त्याचा संबंध काय, हे विचारलेले नाही. परिणाम असा की आज पाच शहरांतल्या पाच तारांकित घरी जा; दहा-बारा इवल्याशा बशा, चिमट्याने ठेवलेली पाने, प्रत्येक बशीमागे एक छोटे व्याख्यान. चव उत्तम असते. महिन्याभराने आईला विचारा, काय खाल्ले? तिला बशी आठवते.

उलट लियोंच्या युजेनी ब्राझिए यांचे उदाहरण घ्या. जन्म १८९५, ब्रेस भागातील शेतकरी घरात. पाचव्या वर्षी डुकरे राखायला लागली, दहाव्या वर्षी आई गेली. लग्नाआधी मूल झाले म्हणून बापाने घराबाहेर काढले. लियोंला येऊन तिने आधी घरकाम केले, मग फिलिऊबाईंच्या खानावळीत हात धरला. लियोंमध्ये अशा स्वयंपाकिणींना 'मेर', म्हणजे आई, म्हणण्याचा प्रघातच होता. १९२१ साली तिने र्‍यू रॉयाल या रस्त्यावर स्वतःचे घर उघडले. दुसरे लुएरच्या खिंडीत, शहराबाहेर. १९३३ साली दोन्ही घरांना तीन-तीन तारे मिळाले. पुढे १९९८ साली एका पुरुष आचाऱ्याला सहा तारे मिळाले तेव्हा असे प्रथमच घडले म्हणून वर्तमानपत्रे नाचली. बाईंचा विसर पडला होता. बाई १९७७ साली गेल्या. पॉल बोक्यूज यांच्यासारखा आचारी त्यांच्याच हाताखाली शिकला.

त्यांचा नामांकित पदार्थ काय? ब्रेसचीच कोंबडी, तिच्या पांढऱ्या कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या. नाव 'अर्धे सुतक'! काळे-पांढरे म्हणून. ज्या भागात त्या जन्मल्या तिथली कोंबडी, ज्या शहराने पोटाशी धरले तिथली चव. ते घर आजही त्याच रस्त्यावर आहे. २००८ पासून नव्या आचाऱ्याकडे आहे आणि पुढच्याच वर्षी त्याला दोन तारे मिळाले. लियोंला मुक्काम असेल तर वाट वाकडी करण्याजोगे ठिकाण हे.

"पण आम्ही शाकाहारी," असे म्हणणारे वाचक निम्मे तरी असतील. त्यांनीही निराश होऊ नये. लियोंच्या साध्या खानावळीत चक्क्यासारखे ताजे चीज, त्यात लसूण, कांदा आणि हिरवा पाला घालून देतात. तेथील विणकरांच्या नावाचा तो पदार्थ मी भाकरीची आठवण काढीत खाल्ला. मोठ्या घरांत पाहावयाचे तर पॅरिसचे लार्पेज आहे. तीन तारे १९९६ सालीच मिळविलेल्या आलँ पासार यांनी २००१ साली तांबडे मांस बंद केले, आणि २०२५ च्या जुलैपासून मधाखेरीज प्राणिज असे काही ते वापरीत नाहीत. भाज्या स्वतःच्या मळ्यांतल्या. मिठाच्या कवचात भाजलेले बीट ही त्यांची ख्याती. शाकाहारी माणसाने पॅरिसमध्ये एकदाच मोठा खर्च करावयाचा ठरविला, तर मी दुसरे नाव सुचविणार नाही.

मात्र माझे मन जाते ते लायोल या गावाकडे. दक्षिण फ्रान्समधील ओब्राक पठारावर मिशेल ब्रास यांनी 'गार्गुयू' नावाची एक थाळी रचली. मूळचा तो शेतकऱ्यांचा बटाटा आणि डुकराच्या मांसाचा रस्सा. ब्रास यांनी त्याला मोसमातल्या कोवळ्या भाज्या, पाने, बिया, फुले यांचे रूप दिले. वर्णन वाचताना ऋषिपंचमीच्या भाजीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जे त्या दिवशी उगवले ते त्यात. फरक एवढाच की आपल्या ऋषींनी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही असा नियम घातला, आणि ब्रास यांच्या थाळीत मांसाचा अंश असू शकतो; म्हणून जागा राखतानाच स्पष्ट सांगावे.

या घराला १९९९ पासून तीन तारे होते. २०१७ साली मुलगा सेबास्तियाँ याने ते परत केले. दररोज कोणी तरी परीक्षक येऊन बसला असेल या धाकात रांधावयाचे नाही, म्हणाला. २०१८ च्या पुस्तकातून नाव गेले. २०१९ साली पुस्तकाने ते न विचारता पुन्हा घातले, दोन तारे देऊन! ताटातल्या पाल्यावरून दोन आणि तीन ताऱ्यांतला फरक ओळखून दाखविणारा मला अजून भेटावयाचा आहे.

जाणार असाल तर दुपारचे जेवण घ्या. बहुतेक मोठ्या घरी ते स्वस्त पडते, आणि रात्रीची तीन-चार तासांची बैठक वडीलधाऱ्यांना झेपत नाही. आणि लायोलला हिवाळ्यात जाऊ नका. पठारावर बर्फ असते आणि घर बंद असते.