खालच्या संडासाचे रसग्रहण

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, झालेल्या समीक्षेचीही होते. पण ज्या एकाच कृतीवर मध्यमवर्गीय माणूस जन्माची पुंजी लावतो, जिचे हप्ते वीस वीस वर्षं फेडतो, त्या घराच्या नकाशाची समीक्षा करायला आजवर एकही प्राध्यापक पुढे आलेला नाही. तेव्हा हे काम बँकेतल्या कारकुनाच्या अंगावर येऊन पडलं आहे. गृहकर्जाच्या फायलींना जोडलेले नकाशे माझ्या टेबलावरून जातात. जाणकाराला दोन ओळींत कवी कळतो म्हणतात. मला जिना कुठे आहे ते पाहून कर्जदार कळतो.

त्यातला एक प्रकार मी लांबूनही ओळखतो. आमच्या डिलाईल रोडवर हयात काढलेला माणूस गावी घर बांधतो, तो प्रकार. (रस्त्याचं खरं नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशींनी कामगारांसाठी जन्म वेचला, पण त्या कामगारांची नातवंडंसुद्धा पत्ता विचारला की ‘डिलाईल रोड’च सांगतात.) गाव चिपळूणकडे असो की पाटणकडे, नकाशा एकच. खाली मोठा हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि कोपऱ्यात ‘आईची खोली’. वर दोन बेडरूम, दोन्हींना अ‍ॅटॅच्ड. खाली आंघोळीला मोरी असते. आणि खाली संडास? तिथे नकाशात भिंत असते. भिंतीला टेकून शोकेस.

‘आईची खोली’ खाली का, तर आईला जिना चढवत नाही म्हणून. आता ज्या बाईला जिना चढवत नाही, तिची झोपायची सोय खाली आणि झोपेतून उठल्यावरची सोय वर, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी तरी कवीच म्हणेन. नवकवी.

असाच एक नकाशा आमच्या ओळखीच्या काकांनी मला कौतुकाने दाखवला. मी विचारलं, ‘‘काका, खाली संडास?’’

‘‘खाली कशाला?’’ काका म्हणाले. ‘‘वर दोन आहेत की!’’

‘‘आजींना रात्री लागला तर?’’

‘‘अरे, म्हातारीचं काय, ती संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. सवय आहे तिला.’’

हे वाक्य काकांनी आईचा एखादा गुण सांगावा तसं सांगितलं. पण जरा चौकशी केलीत तर ही सवय तुम्हाला घरोघर सापडेल. संडास लांब असला की बायका पाणी तोडतात. तहान मारता येते, जिना मारता येत नाही, हा हिशेब त्यांनी केव्हाच केलेला असतो. पुढे उन्हाळी लागते, जळजळ होते, ताप येतो, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, ‘‘पाणी किती पिता, आजी?’’ आजी सुनेकडे बघतात. सून जिन्याकडे बघते.

खालच्या संडासाविरुद्ध जे मुद्दे मांडले जातात, त्यांत पहिला वासाचा. त्यामागे मोठी परंपरा आहे. आपली भाषाच पाहा ना! आपण ‘परसाकडे’ जातो, ‘बाहेर’ जाऊन येतो, ‘दिशेला’ जातो. सगळे शब्द घरापासून लांब जाणारे. संडास घरात असू शकतो हे आपल्या वाक्प्रचारांना अजून कळवलेलं नाही. आणि एके काळी ते बरोबरही होतं. टोपलीचे संडास होते, तेव्हा घराच्या मागच्या अंगाला ते असत, मागूनच वेगळी वाट असे, आणि त्या वाटेने दुसरं कोणी येऊन डोक्यावरून मैला नेत असे. त्या माणसाची जात ठरलेली होती आणि त्याने घरात पाऊल टाकायचं नाही हेही ठरलेलं होतं. म्हणजे संडास लांब ठेवण्यात नुसता वास नव्हता, माणूसही लांब ठेवायचा होता. कोकणचे गांधी म्हणतात त्या आप्पासाहेब पटवर्धनांनी ही सफाई स्वतःच्या हातांनी केली, कणकवलीच्या त्यांच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारा ‘गोपुरी संडास’ लोकांपुढे ठेवला. कोरडे संडास आणि हाताने मैला उचलायला लावणं यांवर बंदीचा कायदा यायला मात्र १९९३ साल उजाडलं.

वासाचा प्रश्न यंत्राने त्याच्या पुष्कळ आधी सोडवला होता. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने भांड्याखालच्या नळीला वाकण दिलं. त्या वाकणात दोनेक इंच पाणी कायम साचून राहतं, आणि एवढंसं पाणी खालचा वास वर येऊ देत नाही. बस्स, एवढीच विद्या. वर बेडरूममध्ये, उशापासून सात फुटांवर ज्या पाण्यावर आपला विश्वास असतो, त्याच पाण्यावर खाली हॉलमध्ये का नसावा, हे मला कोणी सांगत नाही.

दुसरा मुद्दा वास्तुशास्त्राचा. एका फायलीत मी तीन नकाशे पाहिले. प्रत्येकात खालचा संडास वेगळ्या दिशेला. ईशान्येला देव नको म्हणाले, आग्नेयेला चूल होती, नैर्ऋत्येला मालक झोपणार होते. चौथ्या नकाशात संडास घरातून गेला आणि अंगणातल्या फणसापलीकडे जाऊन उभा राहिला. फणसाची दिशा कोणी विचारली नाही.

ज्यांनी डिलाईल रोडवर आयुष्य काढलं त्यांनी हे करावं याचं मला जास्त नवल वाटतं. आमच्याकडच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या. मुंबईत अशा २०७, त्यांतल्या ३२ ना. म. जोशी मार्गावर. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. बांधणाऱ्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटला लोकांनी काय काय नावं ठेवली, आणि ठेवण्यासारखं पुष्कळ होतं. सकाळी सातला बालदी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला त्या खात्याचं गुणवर्णन करायला सांगू नये. पण एक गोष्ट त्या साहेबांना कळली होती. संडास सामायिक, पण प्रत्येक मजल्यावर. काठी टेकत ऐंशीचे आजोबा निघाले तर बोळातून सपाट चालत जायचे, सपाट परत यायचे. मधला दिवा गेलेला असे, दाराची कडी निखळलेली असे, पण पायरी नसे. शंभर वर्षांपूर्वी गिरणी कामगाराला जे मिळालं, ते त्याच्या मुलाच्या बंगल्यात त्याच्या बायकोला मिळत नाही. आणि हप्ता मात्र आपण भरतो.

या चाळींच्या जागी आता टॉवर येताहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, सगळं एका पातळीवर, संडास घरातच. म्हणजे मुंबईतल्या घरात जो प्रश्न सुटला, तो आपण पैसे खर्चून गावी नेऊन बांधतो.

आता थोडा हिशेब. कॉमर्सचा पदवीधर आहे, राहवत नाही. दहा फुटांच्या मजल्याला बऱ्यापैकी चढण ठेवली तर सतरा पायऱ्या होतात. जाऊन-येऊन चौतीस. वयस्कर माणूस दिवसातून सहा वेळा जातो असं धरू, २०४ पायऱ्या. वर्षाच्या ७४,४६०. रायगडाच्या पायऱ्यांशी ताळा घातला तर ही आजी वर्षाकाठी वीस-पंचवीस वेळा गड चढून उतरते. तेही रात्री, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने लुगडं सावरत. आमचा डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला तो पुरता उघडायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं वळसा घालताना आम्ही काय बडबड केली ते आम्हालाच माहीत. आणि आजीने हा वळसा निमूट घालावा!

खालच्या संडासाला जागा तरी किती लागते? निव्वळ संडासाला तीन फूट बाय चार फूट, म्हणजे बारा चौरस फूट. दोन माणसं बसतील एवढा सोफा याहून फार लहान नसतो.

एवढं म्हणून झाल्यावर प्रत्यक्षात जे खालचे संडास बांधले जातात त्यांच्याविषयी बरं बोलवत नाही. बहुतेक जिन्याखाली कोंबलेले असतात. आत शिरताना वाकावं लागतं, उठताना डोकं आपटतं, आणि वरून कोणी जिना उतरला की आपल्या टाळूवरून वरात चालल्याचा भास होतो. दार आत उघडतं. म्हातारं माणूस आत पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेर घरची मंडळी हाका मारत उभी. दार बाहेर उघडायला जास्त पैसे पडत नाहीत, फक्त सुताराला आधी सांगावं लागतं. भिंतीला धरायला दांडी नसते. टॉवेलची असते, ती धरली तर टॉवेलसकट हातात येते. गुडघे गेलेल्या माणसासाठी बांधायचा आणि कमोड बसवायचा वर, तरुणांसाठी, हाही एक लोकप्रिय विनोद आहे.

काही घरांत खालचा संडास ‘पाहुण्यांसाठी’ असतो आणि म्हणून कुलूपबंद असतो. पाहुणे येत नाहीत. महिनोन् महिने कोणी पाणी ओतत नाही, कमिंगसाहेबांच्या वाकणातलं पाणी सुकतं, आणि मग खरोखरच वास सुटतो, झुरळं वर येतात. मालक म्हणतो, ‘‘बघा, मी सांगत नव्हतो?’’ मग त्यात रद्दी जाते, रंगाचे डबे जातात, सिमेंटची अर्धी गोणी जाते. असा संडास बांधण्यापेक्षा न बांधलेला बरा, हे मी लिहून देतो. खाली रोज झोपणारं कोणी नसेल, सगळं घर तिशीतलं असेल, तर बारा फूट खुशाल वाचवावेत. मात्र तिशीतली माणसं तिशीतच राहण्याची हमी बँकेकडे तरी कोणी दिलेली नाही, आणि कर्ज वीस वर्षांचं असतं.

काकांना मी यातलं निम्मंच सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि शेवटी अडचण काय ती सांगितली. शोकेस. ती सहा फुटांची होती, सागवानी होती, आणि तिच्यासाठी हॉलमध्ये तेवढीच एक भिंत होती.

काकू इतका वेळ तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘‘शोकेसला रात्रीचं उठावं लागत नाही. ती ठेवा वर.’’