'खनिज तेल' ही संज्ञा आणि तेलनिर्मितीचे प्रचलित विवेचन : सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठीतील क्रमिक व लोकविज्ञानपर लेखनात पेट्रोलियमच्या निर्मितीचे विवेचन बहुधा दोन-तीन वाक्यांत आटोपते. लक्षावधी वर्षांपूर्वी सागरी जीव मृत होऊन तळाशी साचले, त्यांच्यावर गाळाचे थर बसले आणि उष्णता व दाब यांमुळे त्यांचे तेल झाले, असा त्याचा आशय असतो. हे विवेचन सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही. तथापि ते जेथे थांबते, नेमका तेथेच विषयाचा गाभा सुरू होतो. मालवण परिसरातील महाविद्यालयांना तर त्याची मर्यादा अधिक जाणवावयास हवी, कारण ते तपासून पाहण्याची सामग्री याच किनाऱ्यावर उपलब्ध आहे.

प्रथम संज्ञेचा विचार आवश्यक ठरतो. 'खनिज' म्हणजे खाणीतून जन्मलेले. या व्युत्पत्तीने 'खनिज तेल' हा शब्द समर्थनीय आहे. परंतु विज्ञानाच्या वर्गात खनिजाची व्याख्या निश्चित रासायनिक संघटन असलेला, स्फटिकमय, असेंद्रिय घन पदार्थ अशी शिकविली जाते आणि काही पानांनंतर द्रवरूप, सेंद्रिय उगमाच्या तेलाला तेच विशेषण लावले जाते. 'पेट्रोलियम' हा शब्द लॅटिन भाषेतील शिला व तेल या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला आहे. 'शिलातेल' म्हटले असते तर हा विरोध टळला असता. पण रूढीपुढे व्युत्पत्तीचे फारसे चालत नाही.

संज्ञेपेक्षा गंभीर उणीव आहे ती केरोजेन या मधल्या अवस्थेच्या अनुल्लेखाची. मृत जीवद्रव्याचा एक टक्क्याहूनही कमी भाग गाळात टिकून राहतो. उरलेला ऑक्सिजन व जीवाणू यांच्या क्रियेने विघटित होतो. जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही तेथे टिकण्याची शक्यता वाढते. कर्ली खाडीतील कांदळवनांच्या काळ्या चिखलाला येणारा कुजक्या अंड्यांसारखा दर्प ही अशाच स्थितीची खूण होय. गाळ दबून त्याचा खडक होत असताना या अवशेषांपासून केरोजेन हा गुंतागुंतीचा, सेंद्रिय द्रावकांत न विरघळणारा पदार्थ तयार होतो. अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांनी १९०६ साली स्कॉटलंडमधील तेलयुक्त शेलच्या संदर्भात हा शब्द योजला. तळ्यातील शैवालांपासून झालेले केरोजेन हायड्रोजनने समृद्ध असते, सागरी प्लवकांपासून झालेले त्याखालोखाल. जमिनीवरील काष्ठमय वनस्पतींपासून झालेल्या केरोजेनमधून मुख्यतः वायू मिळतो.

केरोजेनपासून तेल सुटण्यास साधारणतः ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमान लागते. भूपृष्ठाखाली तापमान दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते हे लक्षात घेता, खडक काही किलोमीटर खोल जाणे व तेथे दीर्घकाळ राहणे अपरिहार्य ठरते. तापमान कमी असेल तर काळ अधिक लागतो. दाबाचे कार्य वेगळे आहे. तेल उगमखडकातून बाहेर ढकलले जाण्यात त्याचा वाटा मोठा, रूपांतरात मात्र गौण. 'उष्णता व दाब' हे जोडपदच त्यामुळे दिशाभूल करणारे आहे, आणि काळ त्यात मोजलाच जात नाही.

आता मुंबई हायचे उदाहरण घ्यावे. १९७४ साली 'सागर सम्राट' या सागरी वेधन-मंचाने येथे तेल शोधले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले. येथील तेल ज्या चुनखडकात मुख्यतः साठले आहे तो मायोसीन काळातील. तेल जेथे जन्मले तो पन्ना फॉर्मेशनमधील शेल व कोळशाचा थर मात्र पुष्कळ जुना, सुमारे पाच ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. उथळ किनारी पाणी, खाजणे व दलदली अशा ठिकाणी तो साचला. त्यातील सेंद्रिय द्रव्य मिश्र असून त्यात जमिनीवरील वनस्पतींचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्या तेलाचा महाराष्ट्राला अभिमान वाटतो, त्यालाच 'सागरी जीवांचे तेल' हे वर्णन पुरते लागू पडत नाही.

या थराचा एक दूरचा नातलग सिंधुदुर्गात आहे. बेसॉल्टच्या वर व जांभ्याखाली, रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात लिग्नाइट व काळ्या मातीचे पातळ थर आढळतात. भूविज्ञानात त्यांना सिंधुदुर्ग फॉर्मेशन असे नाव मिळाले असून त्यांचा काळ मायोसीन मानला जातो. रत्नागिरीच्या लिग्नाइटमध्ये निपा या खाडीकाठच्या ताडवर्गीय वनस्पतीचे परागकण मिळाले आहेत. आज ही वनस्पती भारतात नैसर्गिकरीत्या सुंदरबन व अंदमान-निकोबारकडे दिसते. किनारी दलदल, दाट वनस्पती, ऑक्सिजनविरहित चिखल हा आरंभ दोन्हीकडे सारखाच. परंतु पन्नाचा थर मुंबई हायभोवतीच्या खोलगट भागांत किलोमीटरच्या किलोमीटर खाली गेला आणि सिंधुदुर्गातील थर विहिरीच्या पहारीला लागेल इतक्या वरच राहिला. त्याला आच मिळालीच नाही. तीन वाक्यांचे विवेचन प्रमाण मानणारा विद्यार्थी 'कोळसा लागला, तर आणखी खाली तेल असलेच पाहिजे' असा निष्कर्ष काढील आणि त्याच्या तर्काला दोष देता येणार नाही, कारण दोष आधारवाक्यात आहे. वस्तुतः त्या लिग्नाइटखाली लाव्हाचा खडक आहे.

पेट्रोलियम मात्र या किनाऱ्यावर दुसऱ्या मार्गाने पोहोचते. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर डांबराचे गोळे पुळणीवर येतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील अशा गोळ्यांची रासायनिक तपासणी केली असता काही नमुने बॉम्बे हायच्या तेलाशी, तर काही टँकरमधून सांडलेल्या तेलाशी जुळले. ही ओळख पटविताना होपेनसारखे रेणू उपयोगी पडतात. मूळचे जीवाणूंच्या पेशीपटलातील हे रेणू तेल होतानाही आपला सांगाडा टिकवून धरतात. त्याचप्रमाणे ओलिएनेन हा रेणू तेलात सापडला तर त्याच्या उगमात सपुष्प वनस्पतींचा सहभाग होता असे समजतात.

रसायनशास्त्र व भूगोल विभागांना यावर एक संयुक्त प्रात्यक्षिक सहज योजता येईल. फ्यूम हूडखाली एका परीक्षानळीत विहिरीतील लिग्नाइटची पूड व दुसरीत पुळणीवरील गोळ्याचा तुकडा घेऊन दोन्हींत टोल्युइन घालावे. दुसऱ्या नळीतील द्रव काळाकुट्ट होतो व तळाशी वाळू उरते. पहिल्या नळीतील द्रव थोडासा रंग धरतो. पूड जवळजवळ तशीच खाली बसते.