ठाकर : लोकप्रिय माध्यमांतील प्रतिमा

उंबरमाळीसह शहापूर–मुरबाडच्या डोंगराळ भागात वस्ती असलेल्या ठाकर या आदिवासी जमातीविषयी शहरी माध्यमांत रूढ झालेल्या साचेबंद कल्पना. भोळा, नाचगाण्यात रमणारा रानमाणूस ही त्यांतील प्रमुख होय. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारित व जब्बार पटेल दिग्दर्शित जैत रे जैत (१९७७) या चित्रपटाने तीस अंशतः छेद दिला : ढोल वाजविणारा नाग्या व मनस्वी चिंधी यांना त्यात स्वतंत्र इच्छाशक्ती लाभली. तथापि ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांची लोकप्रियता कथेहून टिकाऊ ठरली व रसिकांच्या स्मरणात नाचगाणेच उरले. गोदावरी परुळेकरांच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या पुस्तकात तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहतात. तसा ठाकर पडद्यावर क्वचितच आला. परिणामी गौरवपर प्रतिमेतही त्याचे श्रम व त्याच्यावरील अन्याय अदृश्यच राहिले.