मनू यादीत बसला होता

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली पुस्तकात आली. तेव्हापासून आपण ती एकाच अंगाने वाचत आलो. सवर्ण किती क्रूर, हे सांगायला भाषणात तिचा दाखला द्यायचा आणि मोकळं व्हायचं. प्रस्थापित समीक्षकांनी तिच्यातली भडक भाषा मोजली, आपण तिच्यातला मार मोजला. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात.

कथेतली जागा बघा. रेल्वे, म्हणजे सरकारी खातं. नियमात जात कुठंच नाही. तिवारी निवेदकाच्या कवितेवर जीव टाकतो, त्याला गुरू मानतो. हे नाटक नव्हे, ते प्रेम खरंच आहे. पण जात कळते आणि त्याच प्रेमाचा मार होतो. मग खोटं काय होतं? माझं म्हणणं, खोटं काहीच नव्हतं. आपल्या प्रेमाला अट आहे, हे तिवारीला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बागुलांची ताकद इथं आहे.

१९१७ साली बडोद्याच्या कचेरीत परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबून फायली टाकत. तसा हुकूम कुणी काढला होता? हुकूम लागतच नाही. हाताला सवय असते, आणि सवयीवर तक्रारअर्ज करता येत नाही.

आपल्या मराठवाड्यात काय झालं? नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला. विरोध करणारे म्हणाले, अस्मितेचा प्रश्न आहे. पुष्कळांना ते मनापासून खरं वाटत असेल. पण आगी लागल्या त्या खेड्यातल्या दलित वस्त्यांना. ज्यांनी विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती, त्यांची घरं जळाली. ओठावरचं कारण एक, हातातलं दुसरं. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, बाबासाहेबांचं नाव लागलं, तेही 'मराठवाडा' तसंच ठेवून.

इथवर टाळ्या मिळतात. पुढचं अवघड आहे.

कथेत काशिनाथ आहे. तो जात लपवत नाही, म्हणून त्याचा छळ होतो. निवेदकाचं काळीज तुटतं, पण 'मी तुझाच' एवढं तो म्हणू शकत नाही. आणि शेवटी त्याला वाचवायला धावतो तो काशिनाथच. सुशिक्षित माणसाची भीती बागुलांनी अशी उघडी केली, आणि आपल्या समीक्षेनं ती पान उलटून टाकली.

गेल्या साली घनसावंगीत जयंतीच्या बैठकीत आम्ही ही कथा वाचली. वाचन संपलं तसा एक मातंग पोरगा उठला. म्हणाला, "दादा, तिवारी मला इथंबी दिसतो. तीन वर्षं मी सतरंज्या टाकतो. पत्रिकेवर माझं नाव एकदा तरी आलं का?"

मी भडकलो. "अरे, तुझ्यावर जबरदस्ती कुणी केली?" बोललो आणि माझाच आवाज मला ऐकू आला. कचेरीतला साहेब हेच म्हणतो.

रात्री जुन्या याद्या काढल्या. तिन्ही माझ्या अक्षरातल्या. त्याला खाली ठेवायचं असं मी कधीच ठरवलं नव्हतं. म्हणूनच ते इतकं बिनबोभाट झालं. जात ही पायऱ्यांची उतरंड आहे, प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, हे बाबासाहेबांचं म्हणणं मी शंभर सभांत सांगितलंय. माझ्या पायाखाली मात्र पाहिलं नव्हतं.

कथा शेवटी मनूकडे बोट दाखवते. बरोबरच आहे. पण तो कायम समोरच्या माणसातच राहतो, असं आपण धरून चाललो.

मित्रहो, मन बदलण्याची वाट पाहू नका, ते आपल्याशीही खोटं बोलतं. आधी कामं फिरती करा. सतरंजी, माईक, पैशाची वही, अध्यक्षाची खुर्ची, सगळं पाळीपाळीनं. यंदाची यादी त्या पोराच्या अक्षरात आहे. सतरंज्यांपुढं माझं नाव आहे.

जयभीम.