तीस जूनची दोन भाषणे

कविता, कथा, नाटक यांच्या पंक्तीत भाषणाला सहसा स्थान मिळत नाही. भाषण हे प्रसंगाचे अपत्य. प्रसंग सरला की त्याचे आयुष्यही सरते, असा आपला समज असतो. परंतु काही भाषणे अशी असतात की प्रसंग विरून गेल्यावरच त्यांचा अर्थ उलगडू लागतो. ३० जून १९६० रोजी लेओपोल्डव्हिल, म्हणजे आजच्या किन्शासा, येथे बेल्जियन काँगोच्या स्वातंत्र्यसोहळ्यात झालेली दोन भाषणे या जातीची आहेत. एक बेल्जियमचे राजे बोदुएं यांचे, दुसरे काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांचे. राजे २९ वर्षांचे, पंतप्रधान ३४ वर्षांचे. या दोन भाषणांकडे राजकारणाचे दस्तऐवज म्हणून नव्हे, तर भाषेची निर्मिती म्हणून पाहण्याचा आमचा मानस आहे.

त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. १८८५ पासून हा विशाल प्रदेश राजे दुसरे लेओपोल्ड यांची जणू खाजगी मालमत्ता होता. रबरासाठी तेथील माणसांवर जे अत्याचार झाले, ओलीस धरलेल्या स्त्रिया आणि तोडलेले हात यांच्या ज्या कहाण्या बाहेर आल्या, त्यांमुळे जगात गदारोळ उठला आणि १९०८ मध्ये हा प्रदेश बेल्जियमच्या शासनाकडे गेला. रबराची जागा पुढे खनिजांनी घेतली. कातांगा प्रांतातील तांबे आणि कोबाल्ट यांवर १९०६ मध्ये स्थापन झालेल्या 'युनियन मिनियेर' या कंपनीचे साम्राज्य उभे राहिले. हिरोशिमावर पडलेल्या बाँबसाठीचे बरेचसे युरेनियम कातांगातील शिंकोलोब्वेच्या खाणीतूनच गेले होते. राज्य, कंपनी आणि ख्रिस्तसभा हे वसाहतीचे तीन खांब मानले जात. १९०६ च्या करारानुसार कॅथलिक मिशनांना जमिनी मिळाल्या आणि त्यांनी शाळा चालवाव्यात असे ठरले. या तिसऱ्या खांबाचा उल्लेख आम्ही टाळणार नाही. तो आपल्या घरचा विषय आहे.

आता राजांचे भाषण पाहू. भाषा सुसंस्कृत आहे, स्वर प्रेमळ आहे. पण कर्ता कोण आणि कर्म कोण, एवढेच पाहिले तरी त्याचे अंतरंग कळते. लेओपोल्ड यांच्या प्रतिभेने कार्य आरंभिले, बेल्जियमने ते पुढे नेले, रेल्वे, रस्ते, दवाखाने उभे केले, आणि आता बेल्जियम स्वातंत्र्य देत आहे. काँगोचा माणूस या कथनात घेणारा आहे, करणारा क्वचितच. स्वातंत्र्य ही त्याच्या झगड्याची फलश्रुती न ठरता दुसऱ्याच्या कार्याचा कळस ठरते. अखेरीस उपदेश येतो: घाईने सुधारणा करू नका, अधिक चांगले जमेल याची खात्री होईपर्यंत आम्ही दिलेली घडी बदलू नका. लेओपोल्ड हे विजेते म्हणून नव्हे, तर संस्कृतीचे दूत म्हणून आले, असे म्हणताना तोडलेल्या हातांचा उच्चारही होत नाही. वाङ्मयीन दृष्टीने या भाषणाचा मोठा दोष हाच: ते खोटे बोलते ते शब्दांनी नव्हे, मौनाने.

लुमुम्बांचे भाषण कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. त्यांनी संबोधन केले ते राजांना नव्हे, तर स्वातंत्र्यासाठी लढलेल्या काँगोच्या स्त्रीपुरुषांना. या एका निवडीने सभागृहाची रचनाच पालटली. काल जे विषय होते ते आज श्रोते झाले आणि जे यजमान होते ते साक्षीदार. हे स्वातंत्र्य झगडून मिळाले, असे सांगून ते जखमांची यादी देतात. तीत अमूर्त शब्द फार थोडे. अपुरे वेतन, सकाळ-दुपार-संध्याकाळचे अपमान आणि मार, कायद्याच्या नावाने बळकावलेल्या जमिनी, गोऱ्यांच्या ऐटबाज केबिनखाली बोटीच्या तळाशी करावा लागणारा प्रवास. आणि या यादीत एक तपशील असा की, आमच्या मते तो साऱ्या भाषणाचा गाभा आहे. काळ्या माणसाला 'तू' म्हटले जाई. मित्राला म्हणतात तसे नव्हे, तर आदरार्थी संबोधन केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवले होते म्हणून.

इंग्रजी वाचकाला या वाक्याचा सल पूर्णपणे जाणवणार नाही. त्याच्या भाषेत हा भेद उरलेलाच नाही. मराठी वाचकाला मात्र तो तत्काळ कळतो. आपण आईला 'तू' म्हणतो, परमेश्वरालाही 'तू' म्हणतो. आणि वयाने मोठ्या गड्यालाही काही घरांत 'तू'च म्हटले जाते. शब्द एक, पण पहिल्या दोन ठिकाणी तो जवळीक सांगतो, तिसऱ्या ठिकाणी पायरी दाखवतो. फ्रेंच भाषिक कॅथलिकांच्या बाबतीत तर याला आणखी एक पदर आहे. प्रभूने शिकविलेली प्रार्थना फ्रेंचमध्ये १९६६ पर्यंत आदरार्थी 'व्हू' वापरून म्हटली जाई. 'त्यू' म्हणजे 'तू' हे रूप त्यानंतर आले. म्हणजे १९६० साली फ्रेंचमध्ये प्रार्थना करणारा काँगोचा भाविक देवाला 'आपण' म्हणत होता, साहेबाला 'आपण' म्हणत होता, आणि स्वतः मात्र सर्वांचा 'तू' होता. एका सर्वनामात संपूर्ण वसाहत पकडणे, ही प्रतिभावंताची दृष्टी होय.

या भाषणावर मुख्य आक्षेप येतो तो औचित्याचा. पाहुणा राजा समोर असता, मंगल प्रसंगी असे बोलावे काय? राजे संतापले, समारंभ काही काळ खोळंबला. त्याच दिवशी मेजवानीच्या वेळी लुमुम्बांनी बेल्जियमचे आभार मानणारे सौम्य भाषणही केले. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानत नाही. परंतु औचित्य म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. वक्ता, श्रोता आणि सत्य या तिघांचा मेळ म्हणजे औचित्य. ज्या सभेत पहिल्या वक्त्याने इतिहास पुसला, तेथे दुसऱ्याने तो लिहून काढणे अनुचित कसे?

तरीही हे भाषण निर्दोष नाही. अपमानांची नोंद जितकी नेमकी, तितके भविष्याचे चित्र ढोबळ. देशाच्या अपार संपत्तीचा उल्लेख येतो, पण ओझरता. खाणी कोणाच्या, या प्रश्नाला दोन्ही भाषणांत उत्तर नाही. ते उत्तर अन्यत्र लिहिले जात होते. तीनच दिवस आधी, २७ जूनला, 'कातांगा विशेष समिती' विसर्जित करून बेल्जियमने अशी तजवीज केली होती की, खाणकंपनीतील निर्णायक मते नव्या राज्याच्या हाती पडू नयेत. ५ जुलैला सेनापती जान्सेन्स यांनी फळ्यावर लिहिले की, स्वातंत्र्यानंतरची स्थिती स्वातंत्र्यापूर्वीसारखीच राहील. ज्या सैन्यात एकही काँगोचा अधिकारी नव्हता, तेथे बंड उसळले. ११ जुलैला त्शोम्बे यांनी बेल्जियमच्या पाठबळावर कातांगा वेगळा काढला. राजांच्या भाषणातला गर्भितार्थ सेनापतींनी खडूने उघड केला, असेच म्हणावे लागेल.

पुढचे सर्वश्रुत आहे. १७ जानेवारी १९६१ रोजी कातांगात, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, लुमुम्बांना दोन सहकाऱ्यांसह गोळ्या घातल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतून लढताना भारताचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी ५ डिसेंबर १९६१ रोजी याच कातांगात प्राण ठेवले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. कातांगाची फुटीरता १९६३ मध्ये संपली. २००२ मध्ये बेल्जियमने लुमुम्बांच्या हत्येबद्दल माफी मागितली आणि जून २०२२ मध्ये त्यांचा उरलेला एक दात कुटुंबीयांच्या स्वाधीन केला. ज्याच्या वाणीची भीती वाटली, त्याच्या मुखातली तेवढीच वस्तू परत करता आली.

आता आपल्या घरच्या विषयाकडे वळू. मिशनांनी काँगोत प्राथमिक शाळांचे दाट जाळे विणले, ही सेवा मोठीच. स्वतः लुमुम्बा प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही मिशनशाळांतून शिकले. पण लोव्हानियम हे विद्यापीठ उघडले ते १९५४ साली, आणि स्वातंत्र्याच्या दिवशी संपूर्ण देशात पदवीधर तिसांच्या आतबाहेर. अक्षर शिकवले, अधिकार शिकवायला उशीर झाला. दुसरीकडे हेही नोंदवले पाहिजे की, कॅथलिक शाळांतून घडलेल्या तरुणांच्या 'कॉन्सियांस आफ्रिकेन' या नियतकालिकाने १९५६ मध्येच जाहीरनामा काढून आपल्या देशाचे भवितव्य आपल्याशी बोलून ठरवा, असे संयमाने बजावले होते. त्या मंडळींना वळण देणारे धर्मगुरू जोसेफ मालुला पुढे कार्डिनल झाले. ती संयत भाषा ऐकली गेली नाही, म्हणूनच चार वर्षांनी कठोर भाषा ऐकावी लागली.

दान देणाऱ्याची भाषा कितीही गोड असो, घेणाऱ्याचा सन्मान तिच्यात नसेल तर ती दया ठरते, प्रीती नव्हे. राजांचे भाषण शिष्ट होते, पंतप्रधानांचे सत्य होते. शिष्टता आणि सत्य यांपैकी एकच निवडण्याची पाळी ज्या व्यवस्थेत येते, ती व्यवस्थाच सदोष, हा या दोन संहितांचा एकत्रित निष्कर्ष होय. कोणाला 'तू' म्हणावे आणि कोणाला 'आपण', हा व्याकरणाचा प्रश्न दिसतो. पण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेची पहिली कसोटी कदाचित तेथेच लागते.