निळ्या बॉलवरचा जुगार

स्नूकरची कुठलीही एकच फ्रेम निवडून दाखवायची झाली तर मी १९८२ च्या जागतिक स्पर्धेतली निवडेन. शेफिल्डचं क्रूसिबल थिएटर, उपांत्य सामना, तिसावी फ्रेम. एका बाजूला बेलफास्टचा अ‍ॅलेक्स हिगिन्स, दुसऱ्या बाजूला विशीतला, लंडनचा जिमी व्हाइट. जो आधी १६ फ्रेम्स जिंकेल तो अंतिम फेरीत जाणार. व्हाइट १५-१४ ने पुढे होता आणि या फ्रेममध्ये ५९-० अशी आघाडी घेऊन टेबलावर उभा होता. रेस्ट लावून खेळलेला एक लाल बॉल त्याच्याकडून चुकला. हिगिन्स खुर्चीतून उठला आणि त्याने ६९ गुणांचा ब्रेक करून टेबल साफ केलं. १५-१५. पुढची निर्णायक फ्रेमही त्यानेच घेतली. मग अंतिम सामन्यात रे रीअर्डनला १८-१५ असं हरवून, दहा वर्षांपूर्वी जिंकलेलं विश्वविजेतेपद पुन्हा मिळवलं.

स्नूकर शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर हा ब्रेक सदोष आहे. चांगल्या ब्रेकमध्ये प्रत्येक पॉट सोपा दिसायला हवा, कारण आधीच्या फटक्यानेच पांढरा बॉल योग्य जागी आणून ठेवलेला असतो. हिगिन्सचं इथे नेमकं उलटं होतं. सुरुवातीचा बराच वेळ त्याला पोझिशन मिळतच नाही. पांढरा बॉल कधी हातभर पुढे जातो, कधी अलीकडेच थांबतो, आणि मग पुढचा पॉट लांबून, अवघड कोनातून मारावा लागतो. प्रत्येक फटका आधीच्या फटक्याचं कर्ज फेडतो आणि लगेच नवं कर्ज काढतो. जाणकार या ब्रेकला दडपणाखालच्या सर्वश्रेष्ठ ब्रेक्समध्ये गणतात ते या दोषासकट, आणि माझ्या मते या दोषामुळेच.

त्यातला निळा बॉल नीट पाहण्यासारखा आहे. हिरव्या बॉलच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये तो घालायचा होता. घालणं अवघड होतंच. पण नुसता घालून भागणार नव्हतं, कारण लाल बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि पांढरा तिकडे परत जायला हवा होता. शहाणा माणूस इथे सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पॉट मिळणार नाही असा फटका, खेळून खुर्चीवर जाऊन बसला असता. हिगिन्सने पांढऱ्याला जोरदार स्क्रू आणि साइड, म्हणजे उलटी आणि बाजूची फिरकी, देऊन निळा मारला. निळा पॉकेटमध्ये गेला आणि पांढरा कुशनला लागून लाल बॉलांकडे फिरला. फटका मारताना त्याचं अंग स्थिर नव्हतं, डोकं वर आलं होतं. कोणताही प्रशिक्षक मुलांना जे जे करू नका म्हणून सांगतो ते सगळं त्या एका फटक्यात आहे. तरीही पाहणाऱ्याला कळतं की हा माणूस काय काय पणाला लावतो आहे, आणि ते त्याला स्वतःलाही कळतं आहे. हा निर्णय लपलेला नाही. तो आपल्या डोळ्यांसमोर होतो.

स्नूकरचा खेळाडू लोकांना का आवडतो, याचं माझं उत्तर त्या निळ्या बॉलमध्ये आहे. या खेळात धावपळ नाही, अंगाला अंग भिडत नाही, प्रतिस्पर्धी तर हात बांधून खुर्चीत बसलेला असतो. प्रेक्षकाला पाहायला मिळतं ते एका माणसाचं विचार करणं. ज्याचा विचार टेबलावर वाचता येतो त्याच्यावर लोक जीव लावतात. ज्याचा विचार आधीच पूर्ण झालेला असतो त्याला आदर मिळतो, चषक मिळतात, पण बाकावरचा माणूस त्याच्यासाठी श्वास रोखत नाही.

स्टीव्ह डेव्हिसचं उदाहरण घ्या. १९८१ ते १९८९ या काळात तो सहा वेळा विश्वविजेता झाला. त्याचा पांढरा बॉल जिथे हवा तिथेच थांबायचा, म्हणून त्याच्या फटक्यात प्रश्नच उरायचा नाही. इंग्लंडमध्ये त्याच्या कंटाळवाणेपणावर विनोद व्हायचे. १९८५ चा अंतिम सामना आठवा. डेनिस टेलर ०-८ ने मागे पडला होता. शेवटच्या फ्रेममध्ये डेव्हिस ६२-४४ ने पुढे आणि टेबलावर चारच बॉल उरलेले. टेलरला तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा हे चारही बॉल हवे होते. काळ्यावर दोघांचेही फटके चुकले आणि अखेर टेलरने तो पॉट केला. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसून होते. टेलर त्या संपूर्ण सामन्यात एकदाच पुढे गेला, तो त्या काळ्या बॉलवर. त्या रात्री लोकांनी डेव्हिसला प्रथमच गोंधळलेलं पाहिलं. पुढे २०१० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, याच डेव्हिसने क्रूसिबलमध्ये गतविजेत्या जॉन हिगिन्सला १३-११ असं हरवलं तेव्हा सभागृह त्याच्या बाजूने उभं होतं. माणूस तोच, क्यू धरण्याची पद्धतही तीच. पण आता त्याचा प्रत्येक पॉट जाईल की नाही हा खरा प्रश्न होता आणि तो प्रश्न प्रेक्षकांना दिसत होता.

जिमी व्हाइट सहा वेळा अंतिम फेरीत हरला. १९८४, आणि मग १९९० ते १९९४ ओळीने पाच वर्षं. शेवटचा पराभव तर २ मे १९९४ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. स्टीफन हेंड्रीविरुद्ध १७-१७, निर्णायक फ्रेम, व्हाइट पुढे, आणि जागेवरचा काळा बॉल त्याच्याकडून चुकला. हेंड्रीने उरलेलं टेबल साफ केलं. हेंड्रीच्या कोपराच्या हाडाला त्या स्पर्धेत इजा झालेली होती, तशाच अवस्थेत तो खेळत होता. त्याच्या धैर्याला मी मनापासून मानतो. तरी त्या रात्रीनंतर लोकांच्या मनात राहिला तो व्हाइट. त्याच्यावरच्या प्रेमाला सहानुभूती म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. जिंकण्याच्या जवळ आल्यावर त्याचा हात जरा लवकर पुढे जातो, हे प्रेक्षकाला पाच वर्षं दिसत होतं. तो स्वतःला लपवू शकत नव्हता.

इथे रॉनी ओसलिव्हनचं नाव घेऊन कुणी हरकत घेईल. १९९७ मध्ये त्याने मिक प्राइसविरुद्ध १४७ चा कमाल ब्रेक केला. तेव्हा वेळ ५ मिनिटं २० सेकंद नोंदवली गेली, पुढे फेरमोजणीत ती ५ मिनिटं ८ सेकंद ठरली. म्हणजे ३६ फटके, दर फटक्याला साडेआठ सेकंदांच्या आसपास. एवढ्यात विचार कुठे दिसणार? मला तो याच ब्रेकमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. ओसलिव्हन टेबलाभोवती फिरतानाच पुढचा बॉल ठरवतो, आणि पाहणाराही त्याच्याबरोबर ठरवू लागतो. आपला अंदाज आणि त्याचा फटका यांची गाठ पडली की आनंद होतो, चुकली की त्याहून जास्त होतो. गवई तान घेऊन दूर निघतो, ऐकणारा मनात मात्रा मोजत असतो, आणि दोघं समेवर एकत्र येतात, तसंच हे आहे. उलट २००५ मध्ये पीटर एबडनने याच ओसलिव्हनविरुद्ध १२ गुणांच्या एका ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला होता. एबडन नियमांत राहून खेळला आणि १३-११ असा जिंकला. त्याचं यश कुणी हिरावून घेऊ नये. पण वेळ लागला म्हणजे विचार दिसला असं नसतं. त्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला आत शिरायला जागाच नव्हती.

नाशिकच्या स्नूकर पार्लरमध्येही हाच नियम चालतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला जी टेबलं आहेत तिथे तासावर पैसे आकारले जातात आणि बहुतेक वेळा हरणारा ते भरतो. बाकावर नंबर लागण्याची वाट पाहणारी पोरं असतात. एखादा मुलगा चॉक लावत टेबलाला पूर्ण फेरी मारतो, पॉकेटच्या मागे जाऊन वाकून कोन बघतो, परत येतो, आणि सोपा लाल सोडून लांबचा घेतो. बाकावर कुणी तरी ‘अरे, साइड नको’ असं पुटपुटतं. मार्करही हातातलं काम सोडून तिकडे बघतो. शेजारच्या टेबलावर एखादा याच्याहून किती तरी चांगला खेळणारा एकामागून एक सोपे पॉट घालत असतो, पण बाकाची मान तिकडे वळत नाही. पहिल्याच्या खिशातले टेबलाचे पैसे त्या लांबच्या लाल बॉलवर लागलेले असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र, खेळाडूचा विचार प्रेक्षकाला दिसतो का, या प्रश्नाची मला खंत वाटते. हा खेळ जन्मला आपल्याच देशात, १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत. विल्सन जोन्स २ मे १९२२ ला पुण्यात जन्मले आणि १९५८ मध्ये कोलकात्यात, स्नूकरचं भावंड असलेल्या बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी पुन्हा तेच केलं. मुंबईचे मायकेल फरेरा तीन वेळा विश्वविजेते झाले. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली, क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि आपल्याला त्याखालचा किताब का, असा सवाल केला, आणि १९८३ मध्ये पद्मभूषण घेतला. तो सवाल अहंकाराचा होता असं काहींना वाटलं. मला तो रास्त वाटतो. फरेरांचा खेळ ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला ते मोजके होते. बाकीच्यांना वर्तमानपत्रातला आकडा मिळाला.

पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचा, १९८५ चा. वाढले बंगळुरूमध्ये. २००३ मध्ये, अठराव्या वर्षी, हौशी स्नूकरचे विश्वविजेते झाले आणि २०२४ पर्यंत बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून त्यांची २८ जागतिक विजेतेपदं झाली. पार्लरमधल्या मुलांना त्यांचं नाव ठाऊक असतं, त्यांचा एखादा फटका विचारला तर सांगता येत नाही. ओसलिव्हनचे दहा फटके सांगता येतात. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीला मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय ठरला, डिंग जुनहुईकडून हरला, आणि पुढच्या वर्षी व्यावसायिक स्पर्धेत १४७ करणारा पहिला भारतीयही झाला. त्या १४७ मधला सर्वांत अवघड बॉल कोणता होता, यावर नाशिकमध्ये कधी वाद झालेला मी ऐकलेला नाही. अडवाणी आणि मेहता यांच्या खेळात काही उणं आहे असं अजिबात नाही. त्यांचा विचार वाचायची संधीच आपल्याला मिळाली नाही.

ती मिळू शकते हे नाशिककरांना बुद्धिबळावरून माहीत आहे. विदित गुजराथी आपल्या गावचा. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. त्याचे डाव इथे असे लोकही पाहतात ज्यांना स्वतःला धड खेळता येत नाही, कारण डाव चालू असताना जाणकार बोलत असतात. हा घोडा का हलला, दुसरी चाल कोणती होती, तिच्यात धोका काय होता. बुद्धिबळाचा पटही शांतच असतो. त्या शांततेला कुणी तरी वाचून दाखवलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राज्य पातळीवरच्या स्नूकर आणि बिलियर्ड्स स्पर्धांच्या पूर्ण फ्रेम्स मराठी समालोचनासह दाखवाव्यात. निवडक पॉट्सची चित्रफीत नको, पूर्ण फ्रेम हवी, सेफ्टीसकट आणि खुर्चीत बसलेल्या खेळाडूच्या चेहऱ्यासकट. समालोचक जुना खेळाडू असावा आणि फटका होण्याच्या आधी त्याने सांगावं की इथे दोन वाटा आहेत, एक सोपी आणि एक अशी. कॅमेरा आज प्रत्येक पार्लरमधल्या प्रत्येक पोराच्या खिशात आहे. संघटनांनी आणि क्लबांनी या हंगामातल्या निदान अंतिम सामन्यांपासून सुरुवात करावी.