स्वप्नाचा अर्थ आणि स्वप्नाचा आदेश

काव्यातील स्वप्नाचा अर्थ लावताना समीक्षक बहुधा वैद्याची भूमिका घेतो. स्वप्न हे लक्षण. त्यामागे दडलेली वासना अथवा व्याधी हे कारण. आणि कारण हाती आले की अर्थ लागला, अशी त्याची धारणा असते. या भूमिकेला मोठी परंपरा आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले असून, त्यांपैकी दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित आणि कल्पित ही पाच स्वप्ने निष्फळ समजावीत, असा निर्णय दिला आहे. उलट, मुखपृष्ठावर १९०० हे साल असलेल्या आपल्या ग्रंथात फ्रॉइडने ‘प्रार्थित’ स्वप्नालाच, म्हणजे इच्छापूर्तीला, स्वप्नमात्राचे मर्म मानले. मतभेद असला तरी दोघांपुढे झोपेतून उठलेला मनुष्य होता. कवितेत असा मनुष्य नसतो. तेथे रचलेले स्वप्न असते. हा भेद विसरला की काय होते, हे गजानन माधव मुक्तिबोध यांच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेच्या समीक्षेत दिसते.

मराठी मातृभाषेचे हे हिंदी कवी १९५८ पासून भिलाईनजीकच्या राजनांदगाव येथे दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांची ही कविता त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, १९६४ मध्ये, प्रकाशात आली. तीत मध्यरात्री एक मिरवणूक निघते. सेनाधिकारी, मंत्री, उद्योगपती, कवी, समीक्षक आणि शहरातील कुख्यात खुनी हे सारे तीत एकत्र चालतात; आणि हे दृश्य पाहिले, एवढ्याच अपराधासाठी निवेदकाचा पाठलाग होतो. टिळकांच्या पाषाणमूर्तीच्या नाकातून रक्त ठिबकते. निवेदक पुनःपुन्हा जागा होतो. पण जाग आणि स्वप्न यांची सीमा स्थिर राहत नाही.

‘कविता के नए प्रतिमान’ (१९६८) मध्ये नामवर सिंह यांनी या स्वप्नमालिकेत अस्मितेचा शोध पाहिला. पुढे ‘नई कविता और अस्तित्ववाद’ (१९७८) मध्ये रामविलास शर्मा यांनी तीत दुभंगलेल्या मनाची चिन्हे वाचली. दुसरे वाचन आधाराविना नाही. भीतीचे इतके दाट चित्रण सहजासहजी आढळत नाही. परंतु ते कवितेकडून कवीकडे जाते आणि तेथेच थांबते. मुक्तिबोधांनी स्वतः कलेचे तीन क्षण मानले होते : उत्कट अनुभवाचा पहिला; तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून स्वप्नचित्र होण्याचा दुसरा; आणि ते चित्र शब्दांत उतरू लागण्याचा तिसरा. या तिसऱ्या क्षणात चित्रही बदलत जाते. तेव्हा कवितेतील स्वप्न हे मनाचे अनवधानाने उमटलेले लक्षण नव्हे. ते शब्दांशी झगडून घेतलेला निर्णय होय.

हा निर्णय कोणता, ते कवितेतील गांधींच्या प्रसंगावरून कळते. काळोखात गांधी एक मूल निवेदकाच्या हाती देतात. त्या मुलाच्या जागी सूर्यफुलांचे गुच्छ येतात आणि मग खांद्यावर बंदुकीचा भार जाणवतो. येथे स्वप्न काही लपवीत नाही; ते काही सोपविते. मराठी वाचकास हा प्रकार नवा नाही. पांडुरंगासह नामदेव स्वप्नात आले आणि आपली उरलेली काव्यसंख्या पूर्ण करण्याचे काम त्यांनी सांगितले, असे तुकारामांनी आपल्या अभंगात नोंदविले आहे. त्या स्वप्नातील वासना शोधणारा समीक्षक एक नोंद मिळवील. गाथा मात्र त्याच्या हातून निसटेल.

दोन्ही स्वप्ने सर्वस्वी सारखी नाहीत. तुकारामांचा आदेश स्पष्ट आहे, आणि तो देणारा विश्वासार्ह. मुक्तिबोधांच्या निवेदकाला मिळालेली ठेव हातातच रूप पालटते, आणि तिचे काय करावे हे सांगणारा कोणी नाही. आधुनिक कवितेतील स्वप्नाची अवघड जागा ती हीच : जबाबदारी उरली आहे, ग्वाही उरलेली नाही. म्हणून स्वप्नाचे कारण सापडल्याने समीक्षेचे काम संपत नाही. त्या स्वप्नाने कोणते ऋण कोणावर ठेवले, हे सांगितल्यावरच ते पुरे होते.